चोवीस किलोमीटर लांबीचं पॅकेट

एक मालगाडी डोळ्यांपुढे आणा. इंजिन बदनापूर ओलांडून पुढे निघालंय आणि शेवटचा डबा अजून जालना स्टेशनातच उभा आहे. लांबी 24 किलोमीटर! अशी गाडी रेल्वेकडे नाही, पण फायबरच्या तारेत आहे. 100 मेगाबिट वेगाच्या फायबरवर 1500 बाइटचं एक गच्च भरलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचं एक गाठोडं, निघालं, की त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या बिटमध्ये एवढं अंतर पडतं. वेग वाढवून 1 गिगाबिट केला की गाडी आक्रसून 2.4 किलोमीटरची होते. 10 गिगाबिटला 240 मीटर. आणि 100 गिगाबिटला 24 मीटर, म्हणजे रेल्वेचा जेमतेम एक डबा!

आता या गाडीचा वेग. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबई-पुणे 150 किलोमीटर धरा. एका सेकंदात तेराशेहून जास्त फेऱ्या झाल्या. 30 डिसेंबर 2023 ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, तेव्हा सगळ्या मराठवाड्याला केवढं अप्रूप! रेल्वेमार्गाने सुमारे 435 किलोमीटर, वेळ सात तासांच्या आसपास. तेवढ्याच लांबीच्या फायबरमधून प्रकाश 2.2 मिलिसेकंदांत पार होतो. वंदे भारत एकदा मुंबईला पोचेपर्यंत त्याच्या 1 कोटी 15 लाख खेपा झालेल्या असतात. कोटी!

मग तरीही फोनवर ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’ का म्हणावं लागतं?

कारण बऱ्याचदा वेळ प्रवासात जात नाही, रांगेत जातो. आणि रांग तरी केवढी! तुमचा रोजचा दीड जीबी डेटा म्हणजे अशी पूर्ण भरलेली 10 लाख पॅकेटं. प्रत्येकाला एक रुपयाचं तिकीट लावलं, तर दिवसाचा डेटा दहा लाख रुपयांना पडेल. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या 19,59,046 होती. माणशी एक पॅकेट धरा आणि अंबड, परतूर, भोकरदन, मंठा, सगळा जिल्हा 10 गिगाबिटच्या एका दारातून सोडा. अडीच सेकंदांच्या आत जिल्हा रिकामा! दार 100 गिगाबिटचं असेल तर पाव सेकंद पुरे.

या झुंबडगर्दीत बोलण्याची पॅकेटं म्हणजे अगदी चिमुकली पोरं. माणूस बोलत असताना सेकंदाला 50, दर 20 मिलिसेकंदांना एक. त्यातलं एखादं हरवलं तर चालतं, उशीर झाला तर नाही. तोंडातून निघालेला शब्द 150 मिलिसेकंदांच्या आत समोरच्याच्या कानात पडला, तर संभाषण सुरळीत चालतं. फाइलचं उलटं आहे: उशीर चालेल, पण एक तुकडाही गळता कामा नये. म्हणून 4जीच्या नियमावलीत वर्ग पाडले आहेत. फोनवरच्या आवाजाचा वर्ग 1, त्याला फोनपासून कंपनीच्या दारापर्यंत 100 मिलिसेकंदांची मुदत आणि शंभरात एक पॅकेट हरवण्याची मुभा. साध्या डेटाचा वर्ग 9, मुदत 300 मिलिसेकंद, आणि हरवण्याची मुभा दहा लाखांत एक! पुन्हा आपला जिल्हा घ्या. आवाजाच्या हिशेबाने त्यातली 19,590 माणसं वाटेत हरवली तरी चालतील. डेटाच्या हिशेबाने फक्त दोन.

राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत व्हॉट्सॲप कॉल घुसमटतो आणि साधा फोन लागतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. साधा फोन वर्ग 1 मधून जातो, व्हॉट्सॲप बहुधा 9 मधून.

इंटरनेटच्या तारांवर असाच मानपान ठरतो किती जागेवर? पॅकेटच्या कपाळावरच्या फक्त 6 बिटांवर. त्यांतून 64 खुणा होतात आणि आवाजाला नेहमी दिली जाते ती 46 नंबरची. ही कल्पना आपल्या जिल्ह्याच्याच वयाची आहे. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटरनेटचा मूळ नियम छापला गेला. त्यात अग्रक्रमाच्या आठ पायऱ्या होत्या. सहा बिटांची आजची पद्धत 1998 ची. 100 गिगाबिटच्या तारेवर मोठी पॅकेटं एकामागून एक आली, तर राउटरला प्रत्येकाचं कपाळ वाचून रांग ठरवायला मिळतात सुमारे 120 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून किंचित जास्त.

आता घरात या. तुमची अपलोड लाइन 10 मेगाबिटची. लग्नाचे फोटो चढताहेत, राउटरच्या पोटात 1 मेगाबाइटची रांग साठली आहे, आणि मागून आलं तुमच्या बोलण्याचं एक पिटुकलं पॅकेट. रांग उपसायला 0.8 सेकंद. म्हणजे 800 मिलिसेकंद! तेवढ्या वेळात फायबरमधला प्रकाश 1 लाख 60 हजार किलोमीटर जाईल. मुंबई-पुणे हजाराहून जास्त फेऱ्या. पृथ्वीला चार प्रदक्षिणा! प्रकाश चारदा पृथ्वी फिरतो आणि तुमचं ‘हॅलो’ दिवाणखान्यातच अडकलेलं. त्याच पॅकेटला अग्रक्रम द्या. पुढे निघालेलं एकच मोठं पॅकेट सुटेपर्यंत थांबायचं, 1.2 मिलिसेकंद. साडेसहाशे पट फरक, आणि तार तीच!

तेव्हा नवीन प्लॅनचे पैसे भरण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ (क्वालिटी ऑफ सर्व्हिस), म्हणजे अग्रक्रम ठरवायची सोय, शोधा. असेल तर चालू करा आणि अपलोडचा वेग खऱ्या वेगाच्या नव्वद टक्के लिहा, म्हणजे रांग तुमच्याच दारात राहील आणि कोणाला आधी सोडायचं ते तुम्ही ठरवाल.