पडद्यावरील चित्र भिंतीवर आणतांना

हल्लीं सुशिक्षित घरांतील मुलामुलींच्या हातीं कागद व रंगपेटी यांच्या जागीं टॅब्लेट आला आहे. कांचेच्या पाटीवर लेखणी फिरवावी आणि हवी ती छटा उमटावी, ही सोय आमच्या लहानपणीं स्वप्नांतहि नव्हती. रंग सांडत नाहीं, कुंचले धुवावे लागत नाहींत, चुकलेली रेघ एका स्पर्शानें पुसली जाते. त्यामुळें भरल्या घराच्या गजबजाटांतहि एखादी मुलगी कोपऱ्यांत बसून चित्रकलेचा व्यासंग करूं शकते, ही मोठीच इष्टापत्ति होय. परंतु तेंच चित्र पडद्यावरून उतरून भिंतीवर यावयाचें झालें, म्हणजे एक अडचण उभी राहते. तिचा अनुभव आमच्याच घरीं आला. तो सांगून त्या अडचणीचें कारण व उपाय वाचकांपुढें मांडावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन घरच्या घरीं झालें. त्या निमित्तानें आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें आजीचें चित्र काढावयास घेतलें. अंगावर नऊवारी लुगडें, नाकांत सासूबाईंनीं दिलेली सात मोत्यांची नथ, पुढ्यांत पिंजलेला कापूस, आणि गुडघ्यावर वाती वळीत बसलेली आजी. पोरीनें तीन आठवडे रात्रीचीं जेवणें उरकल्यावर बसून हें काम केलें. पडद्यावर तें चित्र पाहून आम्ही सारे चकित झालों. मग तें २४ इंच रुंद व ३० इंच उंच अशा कॅनव्हासवर छापवून आणलें आणि समारंभाच्या दिवशीं दिवाणखान्यांत टांगलें.

दाराशीं उभे राहून पाहणाऱ्यांनीं वाहवा केली. वडिलांनींहि चष्मा पुसून दोनदां मान डोलावली. परंतु मातोश्रींची दृष्टि आतां मंद झाली आहे. कोणतीहि वस्तु पाहावयाची तर त्या हातभर अंतरावर जातात. तशा त्या चित्राजवळ गेल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "अग, चित्र फार गोड झालें आहे हो. पण माझ्या नथीचे मोती सगळे एकांत एक मिसळले ग!" आम्हीं जवळ जाऊन पाहिलें, तों मोत्यांच्या जागीं धुरकट पांढरा डाग, आणि लुगड्याच्या कांठाला जिन्यासारखे दांते! पोर कांहीं बोलली नाहीं. पण पुढें कित्येक दिवस तिनें टॅब्लेट उघडला नाहीं.

छापणाऱ्याचा यांत कांहींच दोष नव्हता. त्याला जें दिलें तें त्यानें छापलें. चूक झाली होती ती तीन आठवड्यांपूर्वीं, पहिली रेघ ओढण्याच्याहि आधीं.

ती कशी, हें आमच्या भगिनींना ठिपक्यांच्या रांगोळीवरून चटकन् समजेल. रांगोळी काढणारी प्रथम ठिपके मांडते आणि मग रेघा ओढते. नऊ ओळी नऊ ठिपक्यांत कासव निघेल, पण त्याच्या पाठीवरचें बारीक नक्षीकाम निघणार नाहीं. त्याला ठिपके अधिक लागतात. आणि तींच एक्यायशीं टिंबें कोणी हातभर जागेंतून उचलून सबंध अंगणभर पसरलीं, तर रांगोळी मोठी होईल, पण अधिक रेखीव होणार नाहीं. पडद्यावरील चित्र हें असेंच ठिपक्यांचें बनलेलें असतें. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. नवें चित्र सुरू करतांना टॅब्लेट प्रथम रुंदी व उंची विचारतो, तेव्हां तो वस्तुतः "ठिपके किती मांडूं?" असेंच विचारीत असतो.

आमच्या मुलीनें त्या वेळीं पुढें आलेलें माप तसेंच पत्करलें होतें. तें होतें १०८० ठिपके रुंद व १३५० ठिपके उंच. मित्रमंडळींस दूरध्वनीवर दाखविण्यास तें पुरेसें आहे. परंतु १०८० ठिपके २४ इंचांवर पसरले, म्हणजे इंचास अवघे ४५ आले. चित्रांतील मोती इंचाच्या आठव्या हिश्शाएवढा. त्याच्या वाट्यास आडवे पांचसहा ठिपके. तेवढ्यांत मोत्याची गोलाई, त्यावरची चमक आणि शेजारच्या मोत्यापासूनचें अंतर कसें मावावें?

मग इंचास ठिपके किती असावे? पुस्तकें व मासिकें छापणारे सरसकट ३०० सांगतात, आणि हातांत धरून पाहावयाच्या वस्तूस तें योग्यच आहे. त्यामागील कारण डोळ्यांत आहे. निरोगी डोळ्यास एका अंशाच्या साठाव्या भागाइतकें अंतर सुमारें वेगळें ओळखतां येतें. त्या हिशेबानें एक फुटावरून इंचास २८६, हातभर म्हणजे १८ इंचांवरून १९१, तीन फुटांवरून ९५, आणि सहा फुटांवरून अवघे ४८ ठिपके झाले, कीं ते वेगळे दिसत नाहींसे होतात. पाहण्याचें अंतर इंचांत मोजून त्यानें ३४३८ या संख्येस भागावें, म्हणजे उत्तर मिळतें. रस्त्यावरील भव्य जाहिराती जवळून पाहिल्यास ओबडधोबड कां दिसतात, आणि आमचें चित्र दाराशीं उभ्या असलेल्यांस चांगलें कां वाटलें, याचा उलगडा यांतच आहे.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, चित्र कोठें टांगावयाचें एवढेंच पाहूं नये. तें कोण, किती जवळून पाहणार हें आधीं ठरवावें. आमच्या घरीं तें माप एक हात होतें. तेव्हां इंचास २०० ठिपके धरणें रास्त होतें.

येथें कोणी म्हणेल, काढलेलेंच चित्र मागाहून मोठें कां करूं नये? करतां येतें, पण त्यानें काम भागत नाहीं. चित्राच्या माहितींत ४५ च्या जागीं ३०० हा आंकडा नुसता लिहिला, तर छापील चित्राचा आकार तेवढा घटतो. ठिपका एकहि वाढत नाहीं. ठिपके वाढविण्याची आज्ञा दिली, तर संगणक दोन ठिपक्यांच्या मध्यें त्या दोहोंच्या सरासरीचा रंग भरतो. दांते जातात, पण धूसरपणा येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारीं नवीं साधनें याहून पुढें जाऊन तपशील कल्पनेनें रचतात, आणि पुष्कळदां तो चांगला दिसतोहि. परंतु नथींत मोती सात होते कीं आठ, हें यंत्रास ठाऊक नसतें. तें नातीलाच ठाऊक असतें. आणि पडद्याचें छायाचित्र, ज्यास स्क्रीनशॉट म्हणतात, तें छापावयास देणें तर सर्वांत वाईट; कारण मूळ चित्र कितीहि मोठें असो, पडद्यावर जेवढे ठिपके तेवढेच त्यांत उतरतात.

ही शिस्त कांहीं नवी नव्हे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचलीं. त्या छपाईंत प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा लागे, आणि शिळेवर जेवढी आकृति तेवढीच ती कागदावर उमटे. मोठें चित्र हवें तर आधीं मोठी शिळा हवी. आमची कांचेची पाटी हलकी झाली, पण हा नियम तिलाहि सुटलेला नाहीं.

आतां प्रत्यक्ष मांडणी कशी करावी तें सांगतों. कॅनव्हास लांकडी चौकटीवर ताणून मागें ठोकतात, त्यामुळें चित्राचा कांहीं भाग कडेवर व पाठीमागें वळतो. शिंपी जशी कापडाला शिवणीसाठीं माया ठेवतो, तशीच माया येथेंहि ठेवावी लागते. चौकट दीड इंच जाडीची असेल तर चारहि बाजूंनीं दोन दोन इंच सोडणें बरें. नेमकें माप छापणाऱ्यास विचारून घ्यावें. म्हणजे २४ बाय ३० इंचांच्या चित्रासाठीं पाटी २८ बाय ३४ इंचांची झाली. इंचास २०० प्रमाणें ती ५६०० बाय ६८०० ठिपक्यांची होते. मायेच्या आंतल्या कडेनें मार्गदर्शक रेघा आखून घ्याव्या, आणि हात, पदर, सही असें महत्त्वाचें कांहींहि त्यांच्या बाहेर जाऊं देऊं नये. मायेंत पार्श्वभूमीचाच रंग पुढें न्यावा. ती कोरी ठेवल्यास चौकटीच्या कडा पांढऱ्या दिसतात. साध्या कागदावरील निमंत्रणपत्रिकेस मात्र बहुधा तीन मिलिमीटर माया पुरते. पण ती हातांत धरून वाचावयाची असल्यानें तेथें इंचास ३०० ठिपक्यांहून कमी घेऊं नये.

एवढी मोठी पाटी घेतली, कीं यंत्रावर भार पडतो हेंहि ध्यानांत असावें. ५६०० ला ६८०० नें गुणलें म्हणजे सुमारें ३ कोटि ८१ लक्ष ठिपके झाले. प्रत्येकास चार बाइट धरले, तर एका पूर्ण भरलेल्या थरास सुमारें १५२ मेगाबाइट स्मृति लागते. चेहरा, लुगडें, दागिने, सावली असे पंधरा थर केले, तर ती सव्वादोन गिगाबाइटच्या वर जाते. म्हणूनच प्रोक्रिएटसारखें साधन पाटी मोठी होतांच थरांची संख्या कमी करून देतें. यावर युक्ति अशी कीं, आराखडा लहान पाटीवर करावा, अंगस्थिति व रचना मनासारखी जमली म्हणजे तो मोठ्या पाटीवर आणून त्यावरून पुनः रेखाटावें, आणि पुऱ्या झालेल्या थरांची एक प्रत जपून ठेवून ते एकत्र करीत जावें. पैसे न देतां मिळणारें क्रिता हें साधन घरच्या संगणकावर यासाठीं चांगलें उपयोगी पडतें.

रंगांविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा व निळा उजेड मिळून तेथें रंग होतात. कापड प्रकाश देत नाहीं; त्यावरची शाई कांहीं प्रकाश शोषते आणि उरलेला परत फेकते. त्यामुळें पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा विजेसारखा निळा कापडावर तसाच्या तसा येत नाहीं, आणि एकंदर चित्र किंचित् काळवंडलेलें भासतें. पडद्याचा उजेड पूर्ण चढवून रंगविणाऱ्यास हा फरक फार जाणवतो. तो मध्यम ठेवावा. कोणत्या रंगपद्धतींत चित्र द्यावयाचें, हेंहि छापणाऱ्यासच विचारावें. आपल्या मनानें तें छपाईच्या चार शायांच्या पद्धतींत बदलूं नये. सबंध चित्र छापण्यापूर्वीं चेहऱ्याचा वीतभर तुकडा पूर्ण आकारांत, त्याच कापडावर छापवून दिवसाच्या उजेडांत पाहिला, तर थोड्या खर्चांत मोठें नुकसान टळतें.

शेवटीं पाठवणीविषयीं. थरांसह मूळ प्रत घरीं जपून ठेवावी, आणि छापण्यास टिफ किंवा पीएनजी स्वरूपाची प्रत द्यावी. जेपेग स्वरूपांत जागा वांचते, पण कांहीं तपशील कायमचा टाकून दिला जातो. वॉट्सअ‍ॅपवरून चित्र छायाचित्र म्हणून पाठविल्यास तें वाटेंतच आंखूड होतें. तेथून पाठविणें भागच असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावें. इतकी मेहनत करून शेवटच्या पावलास ठेंच लागूं नये.

आमच्या पुतणीनें हें सारें समजून घेतलें आणि आजीचें चित्र नव्यानें काढलें. जुनें ओढून मोठें करण्याचा मोह तिला झाला नाहीं असें नाहीं. पण तिनें तो आवरला. या वेळीं दीड महिना लागला. मोत्यास आतां आडवे पंचवीस ठिपके मिळाले होते, आणि ती प्रत्येक मोती काढण्यापूर्वीं आजीची नथ डबींतून काढून उजेडांत धरून पाही. आजीजवळ बसून तिनें त्या नथीची हकीकतहि ऐकली, जी आम्हां मुलांनाहि पुरती ठाऊक नव्हती.

नवें चित्र टांगलें त्या दिवशीं घरांत समारंभ नव्हता, पाहुणे नव्हते. मातोश्री नेहमींप्रमाणें हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या. बोटानें मोजूं लागल्या, आणि सातव्यावर थांबून म्हणाल्या, "आहेत हो सगळे." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलें. जुनें चित्रहि आम्हीं टाकलें नाहीं. तें तिच्या अभ्यासाच्या खोलींत आहे, आणि नवें काम आरंभण्यापूर्वीं ती त्याकडे एकवार पाहते.

आमच्या वाचकांच्या घरींहि असे होतकरू हात असतीलच. त्यांच्या चित्राचें कौतुक तर करावेंच. पण पहिली रेघ ओढण्यापूर्वीं वडील माणसांनीं जवळ बसून एवढें विचारावें, कीं बाळ, हें चित्र केवढें व्हावयाचें आहे, आणि तें कोण, किती जवळून पाहणार आहे? या दोन प्रश्नांचीं उत्तरें आधीं मिळालीं, म्हणजे पुढचें सारें हिशेबाचें काम उरतें.