खाली-वरचं बटण अडकलं तर

तासगाव तालुक्यात द्राक्षबागेत किंवा बेदाण्याच्या शेडवर राबणाऱ्या अनेकांच्या खिशात अजून बटणांचा साधा फोन असतो. फवारणीच्या ओल्या हातांना टचस्क्रीन दाद देत नाही, भर उन्हात पडदा नीट दिसत नाही, आणि विहिरीवरच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर चालू करायला नुसता फोन लावता आला तरी भागतं. या फोनमध्ये सगळ्यांत जास्त दाबलं जातं ते खाली-वर, डावी-उजवी आणि मधलं ‘ओके’ असं पाच कामांचं बटण. नाव शोधायचं असो की मेसेज उघडायचा, तेच लागतं. ते अडकलं म्हणजे फोन गेला असं समजू नये. बऱ्याचदा आत फक्त घाण बसलेली असते. ती कशाची आहे हे ओळखता आलं, तर फोन घरीही दुरुस्त होऊ शकतो.

आत काय असतं?

बटणाचं प्लॅस्टिक काढलं की खाली पारदर्शक चिकट शीट दिसते. तिच्यावर चार-पाच मिलिमीटर व्यासाच्या, मधे किंचित फुगलेल्या गोल धातूच्या पत्त्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पत्तीखाली सर्किट बोर्डावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले दोन भाग असतात: बाहेर एक कडं आणि मधे एक ठिपका. पत्तीची कड कड्यावर कायम टेकलेली असते. बटण दाबलं की तिचा फुगवटा खाली बसतो, ठिपक्याला टेकतो आणि जोडणी पूर्ण होते. बोटाला जाणवणारा ‘टिक’ हा त्या फुगवट्याचा. ही सगळी हालचाल मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागाची असते. म्हणून कापडाचा एखादा धागा किंवा क्षाराचा पातळ थर अडकला तरी जोडणी होत नाही.

प्रत्येक बटणाला स्वतंत्र तारा नसतात. वीस बटणं असतील तर बोर्डावर पाच आडव्या आणि चार उभ्या अशा नऊ रेषांवर काम भागवता येतं. कोणती आडवी रेष कोणत्या उभीला जोडली गेली हे फोन सेकंदाला अनेकदा तपासतो आणि त्यावरून दाबलेलं बटण ओळखतो. दोष शोधताना ही रचना फार उपयोगी पडते.

उघडण्याआधी लक्षण पाहा

- फक्त एकच दिशा बंद आणि ‘टिक’ जाणवतो: पत्ती ठीक असावी, तिच्याखाली घाण किंवा गंज आहे.
- ‘टिक’ जाणवतच नाही: पत्ती चपटी झाली आहे, तिला चीर गेली आहे किंवा ती जागेवरून सरकली आहे.
- हात न लावता मेनू आपोआप सरकतो: बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलं आहे किंवा ओलाव्यामुळे कडं आणि ठिपका जोडले गेले आहेत.
- वरच्या बाणाबरोबर दोन-तीन आकडेही बंद पडले: त्यांची सामाईक रेष तुटली असण्याची शक्यता मोठी. इथे पुसून भागत नाही.

बटण अर्धवट चालत असेल तर फोन खोलण्याआधी फोनच्या मेमरीतले नंबर सिमकार्डावर उतरवून घ्या. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. बोर्ड बिघडला तर त्याच्यावरचे नंबर मात्र सहज हाती लागत नाहीत.

घाण कशाची, त्यावर औषध

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सगळीकडे वापरलं जातं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे ‘आयपीए’. ते तेल आणि बोटांचा चिकटपणा काढतं, लवकर उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. पण द्राक्षाच्या पट्ट्यात नुसत्या आयपीएवर भागत नाही.

द्राक्षाचा रस किंवा चहा सांडला असेल तर आत साखर असते, आणि साखर आयपीएत जवळजवळ विरघळत नाही. कितीही थेंब टाकले तरी बटण चिकटच राहतं. बेदाणा करताना घड ज्या द्रावणात बुडवतात त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल असं दोन्ही असतं. यातलं तेल आयपीएत विरघळतं, पण पोटॅशियम कार्बोनेटला पाणीच लागतं. वर हा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे सुकल्यासारखा दिसला तरी दोन भागांमध्ये वीज वाहू देऊ शकतो. मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा पांढरट-निळसर थर म्हणजे धूळच. तो आधी कोरड्या ब्रशने झाडावा.

गंधकाचं प्रकरण वेगळं आहे. बेदाण्याला गंधकाची धुरी देताना सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि ओलावा मिळाला की तो आम्लासारखा वागतो. मुलामा झिजून तांबं उघडं पडलं असेल तर तिथे हिरवट गंज चढतो. काही पत्त्यांना चांदीचा मुलामा असतो. गंधकामुळे चांदीची जोडवी काळवंडतात, तशा या पत्त्याही काळ्या पडतात. तेव्हा धुरीच्या खोलीत फोन नेऊच नये.

थोडक्यात, गोड आणि खारट घाणीला आधी डिस्टिल्ड वॉटर, तेलकट घाणीला आयपीए, आणि पाणी वापरलं असेल तर शेवटी पुन्हा आयपीए, म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं. रॉकेल किंवा खोबरेल तेल लावलं तर बटण चार दिवस मऊ चालतं, आणि मग त्या तेलावर धूळ बसून पहिल्यापेक्षा घट्ट होतं.

काम कोणत्या क्रमाने करावं

फोन बंद करा, बॅटरी आणि सिम काढा. बॅटरी आत असताना ओल फिरली तर विजेमुळे गंज झपाट्याने चढतो. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू किंवा टोचू नका, आधी बदला. आयपीए पेट घेतं, म्हणून शेगडी, उदबत्ती आणि विडी लांब.

आधी न खोलता बघा. मऊ ब्रशने बटणाच्या फटी झाडा, हातपंपाने हवा मारा. मग फटीत आयपीएचे एक-दोन थेंब सोडून बटण सगळ्या दिशांना पुष्कळदा दाबा. फोन पालथा ठेवून पूर्ण सुकू द्या, मगच बॅटरी घाला. साध्या धुळीचा दोष इथेच जातो.

नाही गेला तर फोन खोला. जुन्या नोकियाला बहुधा टी-सिक्स मापाचे चांदणीसारखे स्क्रू असतात, इतर फोनना साधे चौफुलीचे. कागदावर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा, कारण लांबी कमी-जास्त असते. बॉडी उचकटायला सुरी नको, जुन्या सिमकार्डाचा प्लॅस्टिक तुकडा पुरे. पडद्याची पट्टी ताणली जाणार नाही इकडे लक्ष ठेवा.

शीट पूर्ण सोलू नका. खराब पत्तीच्या बाजूचा कोपराच चिमट्याने हळू उचला. खालचे भाग कापसाच्या काडीने पुसा. काळा डाग निघाला नाही तर पेन्सिलचं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर वापरला तर सोन्याचा मुलामाच निघून जातो. कापसाचे तंतू मागे राहिले नाहीत ना, ते भिंगातून पाहा.

मल्टिमीटर असेल तर बॅटरी काढलेलीच ठेवून ‘बीप’वर लावा. एक टोक कड्याच्या रेषेला, दुसरं ठिपक्याच्या रेषेला. पत्ती न दाबता बीप आला तर शॉर्ट आहे, दाबूनही आला नाही तर पत्ती गेली. अशा वेळी त्याच मॉडेलची नवी शीट बसवावी. पत्ती अर्धा मिलिमीटर सरकली तरी ‘टिक’ बदलतो.

जॉयस्टिक आणि गोळी

२००३ चा नोकिया ६६०० आणि २००५ चा सोनी एरिक्सन के७५० आय यांना बाणाच्या बटणाऐवजी छोटी जॉयस्टिक होती. दांडीभोवतीच्या फटीतून खिशातली धूळ आत जाते आणि एखादी दिशा बंद पडते. तिथेही आधी हवा आणि आयपीए. दांडीवरची टोपी सहज निघत नसेल तर ओढू नका. भाग बोर्डावर डाग देऊन बसवलेला असेल तर हॉट एअर मशीन असलेल्या कारागिराकडेच द्यावा, घरच्या सोल्डरिंगने शेजारचे भाग जळतात.

२००६ च्या ब्लॅकबेरी पर्लमध्ये फिरणारी गोळी होती. ती चुंबक बसवलेले चिमुकले रोलर फिरवते आणि सेन्सर ते चुंबक मोजतात. रोलरवर मेण बसलं की गोळी एका बाजूला जात नाही. गोळी काढून रोलर पुसले की बहुधा काम होतं.

कुठे थांबायचं?

आकड्यांसकट रेष तुटली असेल तर बारीक तारेचा जंपर टाकावा लागतो. ते काम सूक्ष्मदर्शकाखाली, सरावाच्या हाताचं. कारागिराकडे जाताना ‘बटण चालत नाही’ एवढंच सांगू नका. कोणती दिशा बंद, ‘टिक’ येतो की नाही, कोणते आकडे सोबत गेले आणि फोनवर काय सांडलं होतं, हे सांगा. त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील. आणि हंगाम सुरू झाला की फोन पारदर्शक झिप पिशवीत ठेवून बटणं वरूनच दाबा. यातल्या निम्म्या दुरुस्त्यांची वेळच येणार नाही.