कारागीर दूर, पिस्तूल हातात: चंद्रपूर-गडचिरोलीच्या नेमबाजांसाठी

सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गडचिरोलीहून नागपूर आणखी पावणेदोनशे. राज्यातली नेमबाजी वाढली ती मुख्यतः वरळी, बालेवाडी आणि कोल्हापूर या पट्ट्यात. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत कोल्हापूरच्या. २०२४ साली पॅरिसला कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. तिकडच्या मुलाचं पिस्तूल बिघडलं, तर दुरुस्त करणारा माणूस त्याच रेंजवर किंवा तासाभराच्या अंतरावर भेटतो. आपल्याकडे ओ-रिंग फाटली तर आठवडा जातो, आणि तो आठवडा नेमका विभागीय स्पर्धेच्या आधीचा असतो.

म्हणून आपल्या भागातल्या नेमबाजाने दोन गोष्टी पक्क्या शिकल्या पाहिजेत: पिस्तुलाचं कोणतं काम स्वतः करायचं आणि कोणत्या भागाला अजिबात हात लावायचा नाही. दुसरी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. पुढचं सगळं १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहीने सुवर्ण जिंकलं तो २५ मीटर पिस्तूल प्रकार वेगळा. त्यात पॉइंट टू टू पिस्तूल लागतं, त्याला शस्त्रपरवाना लागतो आणि ट्रिगरचं किमान वजनही १००० ग्रॅम असतं.

नियमांची चौकट

पिस्तूल विकत घेण्याआधी, आणि त्यावर कानस चालवण्याआधी तर नक्कीच, हे आकडे पाठ हवेत. एअर पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम. सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. कॅलिबर ४.५ मिलिमीटर. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. साइट उघडी हवी. दुर्बीण, लेझर किंवा आरसा चालत नाही. मनगटाला आधार देणारी ग्रिप चालत नाही, मनगटावर पट्टाही नाही. बुटाने घोटा झाकला जाता कामा नये. न वापरायच्या डोळ्यापुढची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

जुनं पिस्तूल घेताना लोक बॅरल पाहतात आणि ग्रिप पाहायची विसरतात. आधीच्या मालकाने पुट्टी लावून फुगवलेली ग्रिप पेटीच्या ५० मिलिमीटर रुंदीत मावत नाही, आणि हे स्पर्धेच्या सकाळी कळतं. घरी पुठ्ठ्याची त्या मापाची पेटी करून ठेवावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

ट्रिगर: ५०० ग्रॅमचा हिशेब

सगळ्यात जास्त छेडछाड ट्रिगरचीच होते, आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच. चांगल्या पिस्तुलाच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट हलकं मागे येतं आणि एका जागी अडतं. दुसऱ्यात थोडासा दाब वाढवला की गोळी सुटते. त्यानंतर ट्रिगर किती मागे जाईल, हे स्टॉपचा स्क्रू ठरवतो. पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं वजन, टप्प्याची लांबी, स्टॉप आणि ट्रिगरच्या पात्याची जागा एवढ्यांचे स्क्रू माहितीपुस्तिकेत दाखवलेले असतात. ते नेमबाजाने स्वतः फिरवावेत. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरी, आणि किती फिरवला ते वहीत लिहून.

सुरुवातीला पहिल्या टप्प्यावर जास्त वजन आणि दुसऱ्यावर कमी, म्हणजे साधारण ३५० आणि १६० ग्रॅम, अशी वाटणी बहुतेकांना सोयीची जाते. शॉटच्या क्षणी बोटाला फारसा जोर करावा लागत नाही, त्यामुळे पिस्तूल ढळत नाही. स्टॉप मात्र अगदी घट्ट लावू नये. धुळीचा कण अडकला तर शॉट सुटायचाच नाही.

हात लावायचा नाही तो सिअरला. सिअर म्हणजे हॅमर अडवून धरणारी आतली खाच. ती कानसून किंवा पॉलिश करून ट्रिगर ‘मऊ’ करून देणारे लोक भेटतात. त्या पृष्ठभागावर कारखान्यात दिलेला कडकपणा एकदा घासला गेला की खाच झिजत राहते आणि पिस्तूल धक्क्याने आपोआप सुटू शकतं. हे काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचंच.

वजन तपासायला महागडं यंत्र लागत नाही. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन घ्या आणि त्याला तारेचा आकडा करा. तारेसकट ते ५१० ते ५१५ ग्रॅम भरेल. पिस्तुलात छर्रा नाही याची दोनदा खात्री करा, हवा भरलेली ठेवा, पिस्तूल कॉक करा, बॅरल सरळ वर धरा आणि आकडा ट्रिगरच्या पात्याच्या मधोमध अडकवून वजन जमिनीवरून सावकाश उचला. ट्रिगर सुटला नाही तर पंचांचं ५०० ग्रॅमही उचललं जाईल. अगदी ५०० वर ट्रिगर ठेवण्याचा मोह टाळावा. सामन्यानंतरच्या तपासणीत वजन कमी भरलं तर नेमबाज थेट बाद होतो, त्या दिवशी केलेले गुण कितीही असोत.

साइट: मिलिमीटरचा दहावा भाग

१० मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर जातं. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ३२० मिलिमीटर धरलं, तर साइटच्या जुळणीतली एक दशांश मिलिमीटरची चूक कागदावर ३ मिलिमीटरहून थोडी जास्त होते. एक मिलिमीटरची चूक ३१ मिलिमीटर होते आणि दहाच्या जागी सात मिळतात. याउलट साइट नीट जुळलेली ठेवून सगळा हात ५ मिलिमीटर सरकला, तरी दहाच मिळतात. हे गणित मुलाला एकदा वहीवर करून दाखवावं. हात हलतो म्हणून रडणारी मुलं त्यानंतर लक्ष्याकडे बघणं सोडून साइटकडे बघू लागतात.

त्यामुळे साइटच्या बाबतीत एकच आग्रह धरावा: पुढच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना खाचेत स्पष्ट उजेड दिसला पाहिजे. खाच फार अरुंद ठेवली की डोळा लवकर थकतो. मंद उजेडाच्या हॉलमध्ये सराव करणाऱ्यांनी ती थोडी रुंदच ठेवावी. काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम न धरता खालच्या पांढऱ्या भागात धरावा, आणि क्लिक फिरवताना एका शॉटवर भरवसा न ठेवता पाच शॉटचा गट पाहावा. पात्याची काळी चमक गेली असेल तर काजळीचा पातळ थर देण्याचा जुना उपाय आजही चालतो.

ग्रिप आणि पावसाळा

गडचिरोलीत पावसाळाभर हवा ओलीच असते. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप त्या हवेत किंचित फुगते आणि मार्चमध्ये आकसते. जुलैत तळहातात घट्ट बसलेली ग्रिप उन्हाळ्यात सैल वाटते ती म्हणूनच. ग्रिपवर कानस चालवायची असेल तर पावसाळ्यात घाई करू नये, आणि उघड्या पडलेल्या लाकडावर तेलाचा पातळ हात द्यावा.

माप घेण्याची साधी रीत अशी: तळहाताला खडूची पूड लावायची, पिस्तूल नेमाच्या स्थितीत धरायचं आणि डोळे मिटून दहा सेकंद थांबायचं. खडू जास्त लागला तिथे ग्रिप टोचते, अजिबात लागला नाही तिथे पोकळी आहे. टोचणारा भाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडा थोडा घासायचा आणि पोकळीत एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी भरायची. डोळे उघडल्यावर साइट आपोआप सरळ दिसली म्हणजे ग्रिप जमली.

आपल्याकडच्या सुतारांचा हात यात उपयोगी पडतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ज्या जंगलाचं सागवान गेलं, तिथल्या सुताराला लाकडाची नस सांगावी लागत नाही. मूळ ग्रिप मात्र त्याच्या हाती देऊ नये. तिच्या मापाची दुसरी करवून घ्यावी आणि प्रयोग त्या दुसरीवर करावेत.

सिलिंडर, ऊन आणि हवा

इथे मी कडक शब्दांत लिहिणार आहे. सिलिंडरमध्ये भरायची ती फक्त कोरडी हवा. वेल्डिंगच्या दुकानातला किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही नाही. उच्च दाबाचा ऑक्सिजन ग्रीसच्या कणाला भेटला तर स्फोट होतो. याच कारणाने सिलिंडरच्या आट्यांना, व्हॉल्व्हला शिलाई मशिनचं किंवा गाडीचं तेल लावायचं नाही. ओ-रिंगला कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच लावायचं, तेही नावापुरतं.

चंद्रपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंश नेहमीचे. पारा ४७ च्या वरही जातो. बंद गाडीत आतलं तापमान ६५ अंशांपर्यंत सहज पोहोचतं. २५ अंशांना २०० बार भरलेलं सिलिंडर त्या गाडीत सुमारे २२७ बार होतं. १७० बार भरलं तर तेच १९३ वर थांबतं. उन्हाळ्यात प्रवास असेल तर १७० च्या पुढे भरू नये आणि सिलिंडर गाडीत सोडून जेवायला बसू नये. स्पर्धेचे ६० शॉट आणि आधीचे सरावाचे शॉट यांना तेवढी हवा बहुतेक मोठ्या सिलिंडरांत पुरते.

हातपंप वापरणाऱ्यांना पावसाळा जड जातो. दमट हवा दाबली की पाणी सुटतं आणि सिलिंडरच्या आत गंज धरतो. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावावा, त्यातले दाणे रंग बदलले की बदलावेत आणि पंप तापू न देता थांबत थांबत मारावा. मोठ्या टाकीवरून भरताना व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा. सिलिंडर पूर्ण रिकामं करून ठेवू नये. आणि त्यावर कोरलेली तारीख वाचावी. बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. ती उलटलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेला उतरता येत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या पिस्तुलाचा खरा खर्च पुष्कळदा इथे निघतो.

छर्रे आणि बॅरल

स्पर्धेचे छर्रे सपाट तोंडाचे असतात, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारे. डोक्याचं माप ४.४९ की ४.५० हे आपल्या बॅरलला विचारावं. टेबलावर वाळूच्या पिशवीचा आधार घेऊन प्रत्येक प्रकारचे पाच-पाच शॉटचे काही गट मारले की उत्तर मिळतं. आवडलेल्या डब्याचा लॉट नंबर बघून त्याच लॉटचे डबे जास्त घ्यावेत. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, म्हणून डब्यांसोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी.

बॅरल रोज साफ करण्याची गरज नसते. पाचशे ते हजार शॉटनंतर फेल्टचे दोन-तीन तुकडे मागून पुढे गेले की पुरे. लोखंडी सळई किंवा तारेचा ब्रश बॅरलमध्ये घालू नये.

आणि शिसं हे विष आहे. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत, आणि छर्रे अडवणाऱ्या पेटीतला चुरा लहान मुलांकडून झाडून घ्यायचा नाही. शाळेतल्या प्रशिक्षकांनी हा नियम रेंजच्या भिंतीवर लिहावा.

स्पर्धेच्या पेटीत काय असावं

२५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं. दुरुस्तीत सुमारे वीस मिनिटं गेली आणि ७५ मिनिटांचं घड्याळ चालूच राहिलं. तिने ५७५ गुण केले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्य जिंकलं. जगातली उत्तम यंत्रणा पाठीशी असलेल्या नेमबाजावर ही वेळ येते, तर वडसा किंवा अहेरीहून एकट्याने आलेल्या मुलीने काय तयारी ठेवावी?

माझ्या मते एवढी: ओ-रिंगचा जादा संच, पिस्तुलाच्या मापाच्या ॲलन की, भरलेलं दुसरं सिलिंडर, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी, सुती फडकं, घामासाठी छोटा टॉवेल, नारिंगी सेफ्टी फ्लॅग आणि स्क्रूंच्या नोंदींची वही. ओ-रिंग बदलायला घरी शिकावं, घड्याळ लावून. एकाच क्लबात किंवा शाळेत सगळ्यांनी एकाच मॉडेलचं पिस्तूल घेतलं तर सुटे भाग आणि दुसरं पिस्तूल अडचणीला हाताशी असतं. पालकांनी पिस्तूल निवडताना हा विचार ब्रँडच्या नावाआधी करावा.

जंगलातून जाताना

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत कॅलिबर आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटला तरी ती सहा ज्यूलच्याही आत भरते. पण नाकाबंदीवरच्या पोलिसाला लांबून दिसतं ते पिस्तूलच, आणि गडचिरोलीतल्या नाक्यांवरचा पोलीस सावध असतो, असायलाच हवा. पिस्तूल कुलूपबंद कठीण पेटीत, छर्रे वेगळे, सिलिंडर काढलेलं, सेफ्टी फ्लॅग लावलेला. सोबत खरेदीचं बिल, संघटनेचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र. एसटीत पेटी वरच्या फळीवर न ठेवता पायाशी ठेवावी. विचारणा झाली तर पेटी स्वतः उघडू नये. आत काय आहे ते आधी सांगावं आणि पोलिसाने सांगितल्यावर उघडावी.

दुसरा कायदा फार जणांच्या लक्षात नसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे वन विभागाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि प्राण्याला इजा करू शकणारं कोणतंही साधन त्या कायद्यात शस्त्रच ठरतं. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. ताडोबा आणि अंधारी, घोडाझरी, चपराळा, भामरागड, प्राणहिता वगैरे असा आपल्या दोन जिल्ह्यांचा नकाशा आहे. स्पर्धेहून परतताना ताडोबाची सफारी करायची असेल तर पेटी आधी घरी पोहोचवावी. रस्ता अभयारण्यातून जात असेल तर दुसरा निवडावा, किंवा विभागीय वन कार्यालयात निघण्याच्या पुष्कळ आधी लेखी अर्ज द्यावा. जंगलाच्या कडेला, शेतात किंवा नाल्यात ‘थोडा सराव’ तर मुळीच नको. सरळ दहा मीटर, मागे जाड भिंत आणि छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, १४० सेंटिमीटर उंचीवर लक्ष्य, आणि सराव चालू असताना आतून बंद राहणारं दार एवढी एक खोली गावातल्या शाळेत किंवा समाजमंदिरातही मिळू शकते.