लिनक्सच्या पडद्यावरील अंधुक अक्षरे : मॉनिटर बदलण्यापूर्वी हे पाहा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा बंद केला. दुकानात, कारखान्यात वापरात असलेल्या अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणून आपल्यापैकी काही व्यापारी बांधवांनी उबुंटू किंवा मिंट या मोफत मिळणाऱ्या लिनक्सची वाट धरली आहे. पैसे वाचले, संगणकही चालू राहिला. पण अक्षरे धुक्यातून पाहिल्यासारखी दिसतात, अशी तक्रार आमच्या कानावर येते. तिचा खुलासा येथे करीत आहोत.

लग्नपत्रिका छापणारे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. मजकूर पडद्यावर फिका व पुसट दिसतो म्हणून त्यांनी उर्दू अक्षर जाड करून टाकले. छापून आले तेव्हा नुक्ते एकमेकांना चिकटले होते. सगळी खेप रद्दीत गेली आणि कागदाचा खर्च अंगावर पडला. उर्दूत ‘दुआ’ आणि ‘दगा’ यांच्या लिखाणात फरक फक्त एका नुक्त्याचा असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. बिलावरचा ३ आणि ८ किंवा पंधरा अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक वाचतानाही हाच धोका असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पडद्यावर अक्षर अंधुक आहे म्हणजे छपाईही अंधुक येईल, असे मुळीच नाही. फॉन्टमध्ये अक्षराची बाह्यरेषा साठवलेली असते. प्रिंटर तिच्यावरून एका इंचात ६०० किंवा १२०० ठिपके टाकतो, तर २३ इंची फुल एचडी मॉनिटरला तेवढ्याच जागेत सुमारे ९६ ठिपके मिळतात. म्हणून पत्रिकेचा मजकूर पीडीएफ करून तीन-चार पट मोठा पाहावा किंवा एक प्रत छापून तपासावी. पडद्याच्या भरवशावर अक्षराची जाडी ठरवू नये.

आता मूळ दोषाकडे वळू. बहुतेक वेळा दोष फॉन्टचा नसतो; संगणक पाठवतो ते ठिपके आणि काचेवरचे ठिपके जुळत नसतात. फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके पक्के बसवलेले असतात. त्याला १३६६ बाय ७६८ चे चित्र पाठवले तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे १.४ ठिपके येतात. दीड माणसाला एक खुर्ची दिल्यासारखा हा प्रकार, कडा पसरणारच. सेटिंग्जमधील डिस्प्ले उघडून रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ मापाइतके करावे. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण एकदा दाबावे आणि शक्य असल्यास एचडीएमआय केबल लावावी. दुकानातला टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरणारे बरेच आहेत. टीव्ही चित्राच्या कडा कापून ते ताणतो, म्हणून त्याच्या मेनूत त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव द्यावे किंवा ‘जस्ट स्कॅन’सारखा पर्याय निवडावा.

एवढे करूनही काही प्रोग्राम स्पष्ट आणि काही अंधुक दिसत असतील, तर ‘स्केल’ पाहावे. आमच्या मते सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. अक्षर मोठे दिसावे म्हणून आपण १२५ किंवा १५० टक्के निवडतो. वेलँड या नव्या व्यवस्थेत, जुन्या एक्स११ पद्धतीच्या प्रोग्रामचे चित्र अनेकदा आधी लहान काढून नंतर ताणले जाते. म्हणून हिशेबाची खिडकी धूसर आणि शेजारची सेटिंग्जची खिडकी लख्ख, असे विचित्र दृश्य दिसते. यावर आमचा साधा तोडगा असा : स्केल पुन्हा १०० टक्के करावे आणि फक्त अक्षरांचे माप वाढवावे. उबुंटूत ‘ट्वीक्स’ नावाचा छोटा प्रोग्राम घालून त्यातील फॉन्ट्समध्ये ‘स्केलिंग फॅक्टर’ १.२५ करावा, मिंटमध्ये हीच सोय ‘फॉन्ट सिलेक्शन’मध्ये आहे. बटणे थोडी लहान राहतील, पण अक्षर स्वच्छ येते. केडीई प्लाझ्मा वापरणाऱ्यांना २०२२ साली आलेल्या ५.२६ आवृत्तीपासून, जुन्या प्रोग्रामनी आपले माप आपणच सांभाळावे, असा पर्याय डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच मिळाला आहे. ४के मॉनिटरवर २०० टक्के स्केल असेल तर ही अडचण सहसा येत नाही, कारण तेथे हिशेब पूर्णांकाचा असतो.

शेवटी फॉन्टच्या बारीक सेटिंग्ज. लिनक्सची अक्षरे वाईट, ही बदनामी जुनी आहे आणि तिला कारणही होते. अक्षराच्या रेषा ठिपक्यांवर बसवण्याच्या ‘हिंटिंग’ तंत्रावर ॲपलची पेटंटे होती. ती मे २०१० मध्ये संपली. त्यानंतर त्याच वर्षी लिनक्समध्ये अक्षरे काढणाऱ्या फ्रीटाइप या सॉफ्टवेअरने ते तंत्र सर्रास सुरू केले. आज हिंटिंग ‘स्लाइट’ ठेवावे. ते अक्षराला फक्त उभ्या दिशेने ठिपक्यांवर बसवते. त्यामुळे देवनागरीची शिरोरेषा रेखीव होते आणि अक्षरांची रुंदी बिघडत नाही. तिरक्या उतरत्या नस्तालिकला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. त्या लिपीसाठी अक्षराचे मापच चार-सहा पॉइंटांनी वाढवावे.

अक्षरांच्या कडेला लाल-निळी झाक दिसत असेल तर ‘अँटिअलायझिंग’ हे ‘सबपिक्सेल’ऐवजी ‘स्टँडर्ड’ करावे. सबपिक्सेल पद्धत प्रत्येक ठिपक्यातील लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्यांचा क्रम गृहीत धरते. मॉनिटर उभा फिरवला किंवा त्याच्या पट्ट्यांचा क्रम उलटा असला की हिशेब चुकतो.

विंडोजचा एखादा प्रोग्राम ‘वाइन’मधून चालवत असाल तर त्याला यातले बरेच बदल लागू होत नाहीत. वाइनच्या सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स’ उघडून ९६ चा आकडा १२० करावा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा. गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पाठवलेला मजकूर फोटोच्या रूपात असेल तर कोणत्याही सेटिंगने तो सुधारणार नाही. तो पुन्हा टाइपच करावा लागेल.