चेरी काउंटी : विस्तार मोठा, वस्ती विरळ

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, साउथ डकोटाच्या सीमेला लागून चेरी काउंटी आहे. तिची स्थापना 1883 मध्ये झाली. क्षेत्रफळ सुमारे 15,500 चौरस किलोमीटर, म्हणजे कनेक्टिकट या राज्याहूनही जास्त. पण 2020 च्या जनगणनेत येथे अवघे 5,455 लोक मोजले गेले. त्यांतील जवळपास निम्मे व्हॅलेंटाइन या मुख्य ठाण्यात राहतात.

या विरळ वस्तीचे मूळ जमिनीत आहे. काउंटीचा बहुतेक भाग सँडहिल्स, म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांनी व्यापला आहे. नांगर लागला की गवत जाते आणि वारा वाळू उडवू लागतो. पावसाचे पाणी मात्र वाळूतून झिरपून ओगलाला या विशाल भूजलसाठ्यात उतरते; त्यामुळे सखल भागांत तळी आणि ओली कुरणे आढळतात. काउंटीच्या उत्तर भागातून नायोब्रारा नदी पूर्वेला वाहते. 1904 च्या किंकेड कायद्याने वसाहतकऱ्यांना प्रत्येकी 640 एकरांपर्यंत जमीन देऊ केली. पण एवढ्या कुरणावर कुटुंबाचे भागेना. अनेकांनी जमिनी विकल्या आणि त्या मोठ्या रँचमध्ये सामावल्या. मांसासाठी गुरे पाळणे हाच आजही येथील मुख्य धंदा आहे.

कारभार लोकनियुक्त आयुक्तांच्या मंडळाकडे असतो. वरून नेमलेला जिल्हाधिकारी येथे नाही. शेरीफ, क्लार्क, खजिनदार, मालमत्तेचे मूल्य ठरवणारा असेसर आणि सरकारी वकील हेही मतदानानेच निवडले जातात. लहान काउंट्यांत क्लार्कच दस्तनोंदणी आणि निवडणुकांचे कामही पाहतो. मंडळाचे अधिकार मर्यादित आहेत : राज्याच्या कायद्याने दिले तेवढेच.

उत्पन्नाचा मोठा आधार मालमत्ता कर. नेब्रास्कात हा कर राज्य सरकार घेत नाही. तो काउंटी, शाळा आणि इतर स्थानिक संस्थांकडे जातो, आणि सर्वांत मोठा वाटा शाळांचा असतो. येथे कारखाने फारसे नसल्याने कराचा भार कुरणांवर पडतो. म्हणून असेसरने ठरवलेला जमिनीचा भाव हा रँचमालकांच्या जिव्हाळ्याचा विषय. मॅकेल्वी राष्ट्रीय वन आणि फोर्ट नायोब्रारा अभयारण्य संघराज्याच्या मालकीची असल्याने या करातून मुक्त आहेत.

काउंटीतून कालविभागाची रेषाही जाते. पूर्व भागात मध्यवर्ती वेळ, तर पश्चिम भागात त्याहून एक तास मागची पर्वतीय वेळ चालते. दूरच्या रँचवरून कचेरीत येणाऱ्याला दोन्ही घड्याळे ध्यानात ठेवावी लागतात.

रस्त्यांची देखभाल, बर्फ हटवणे, पोलीस गस्त आणि करनोंदी ही कामे वस्ती विरळ असली तरी टळत नाहीत. खर्च अंतरानुसार वाढतो आणि तो उचलणारे करदाते मात्र थोडेच असतात. चेरी काउंटीच्या कारभारातील कायमची अडचण हीच आहे.