निनावी पिस्तुलाचे गाव कसे ओळखावे

तळहातावर मावणारे एखादे जुने पिस्तूल समोर येते. त्यावर ना कारखानदाराचे नाव, ना गावाचे. पाहणाऱ्यांपैकी एक म्हणतो, हे कुणा लोहाराने घरी ठोकलेले. दुसरा म्हणतो, छे, हे कुणा सरदाराचे असणार. बहुतेक वेळा दोघेही चुकतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशी निनावी पिस्तुले ढिगांनी तयार झाली, आणि त्यांतली पुष्कळशी बेल्जियममधील लिएज शहराच्या आसपास घडली. ती कशी ओळखावी आणि त्यांवर नाव का नाही, या दोन प्रश्नांचा विचार येथे करू.

प्रथम सावधगिरी. जुने हत्यार रिकामेच असेल असे धरून चालू नये. ठासणीच्या नळीत दारू वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. ते जाणत्याकडून तपासून घ्यावे, आणि अशा वस्तूबद्दल १९५९ चा शस्त्र कायदा काय सांगतो तेही विचारून घ्यावे. गंज घासून काढण्याचा मोह मात्र आवरावा. कारण जी खूण शोधायची, तीच घासली जाते.

मग बार उडतो कसा ते पाहावे. घोड्याच्या चिमट्यात गारगोटी असेल, तर घडण जुन्या पद्धतीची. नळीमागच्या बोंडावर तांब्याची स्फोटक टोपी बसवायची सोय असेल, तर टोप्यांचा प्रसार १८२० नंतरचा. काडतुसाचा खिळा बाहेर यावा म्हणून कडेला खाच असेल, तर ती लफोशो या फ्रेंच बंदूककाराची पद्धत, म्हणजे १८३५ च्या पुढची. आणि ६.३५ मिलिमीटरचे काडतूस घेणारे छोटे स्वयंचलित पिस्तूल असेल, तर ते १९०५ च्या आधीचे असणार नाही; कारण ब्राउनिंगच्या खिशातल्या पिस्तुलाबरोबर ते काडतूस त्या सुमारासच बाजारात आले. यावरून वस्तू किती जुनी असू शकत नाही एवढे कळते, नेमके वर्ष नव्हे. जुनी पद्धत स्वस्त पडे, म्हणून ती पुढेही कित्येक वर्षे चालू राही.

आता भिंग घ्यावे. नळीची खालची बाजू आणि मुठीवरचा पोलादी सांगाडा नीट न्याहाळावा. लंबवर्तुळात ई, एल, जी ही रोमन अक्षरे दिसली, तर ती लिएजच्या परीक्षेची खूण होय. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी फुटली नाही तर शिक्का मारायचा, अशी ही परीक्षा. नेपोलियनच्या १८१० च्या हुकुमाने ती तेथे बांधली गेली. अक्षरांवर मुकुट असेल, तर शिक्का १८९३ नंतरचा. बर्मिंगहॅमची परीक्षाशाळा १८१३ ची. तिच्या खुणांत मुकुट व एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड आढळतात. स्पेनमधील एइबार गावी मात्र ही परीक्षा १९२३ पासून सक्तीची झाली. तेथील अनेक छोट्या कारखान्यांनी पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी ब्राउनिंगच्या धर्तीची पिस्तुले केली होती. म्हणून तशा घडणीवर परीक्षेची खूणच नसेल, तर नजर एइबारकडे वळवावी. हा पुरावा नव्हे, सुगावा आहे. शिक्का परीक्षेची जागा सांगतो. कर्त्याचे नाव सांगत नाही.

मग कर्ता कोण? आम्ही आयुष्य कामगारांत काढले, त्यामुळे आमचे लक्ष येथेच अडकते. लिएजमध्ये एका पिस्तुलाला एक कर्ता नसे. नळी एका घरी, चापाची यंत्रणा दुसऱ्या घरी, लाकडी मूठ तिसऱ्या घरी. सुटे भाग टोपल्यांतून पाठीवर वाहून नेणाऱ्या बायाही याच धंद्यातल्या. तंबाखू घरी नेऊन बिड्या वळून आणून देणाऱ्या आपल्याकडच्या बायांची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा व्यवहार निराळा समजावून सांगायला नको. व्यापारी भाग गोळा करी, जोडून घेई आणि नावाची जागा पुष्कळदा कोरीच ठेवी. परदेशी दुकानदाराला तेथे आपले नाव घालता यावे म्हणून. नाव नसणे ही व्यापाराची सोय होती.

पण पिस्तूल उघडले, की आत पुष्कळदा छोटी आद्याक्षरे सापडतात. ती नळीवाल्याची वा दुसऱ्या एखाद्या भागवाल्याची. एकमेकांना हाताने बसवलेल्या भागांची गल्लत होऊ नये म्हणून ठोकलेले तेच ते आकडेही दिसतात. संग्राहक या खुणा जुळवूनच पुढचा शोध घेतात.

१८८९ साली लिएजजवळ हर्स्टाल येथे फाब्रिक नासिओनाल ही कंपनी निघाली. यंत्रे एका छपराखाली आली, पिस्तुलावर कंपनीचे नाव ठसठशीत उमटले. त्याच कारखान्यातील सुमारे तीन हजार स्त्री-कामगारांनी १९६६ साली बारा आठवडे संप केला. मागणी होती समान कामाला समान वेतन. वस्तूवर नाव आले, तरी ती घडवणाऱ्यांचा हिशेब मिटला नव्हता, एवढे त्यावरून दिसते. तेव्हा निनावी पिस्तूल पाहताना किंमत विचारण्याआधी आतल्या त्या बारीक अक्षरांवर एकदा भिंग धरावे.