त्वचा, केस आणि नखे

मनुष्याच्या शरीरातील सर्वांत मोठे इंद्रिय कोणते, असे विचारल्यास पुष्कळजण यकृताचे किंवा फुप्फुसांचे नाव घेतील. वस्तुतः तो मान त्वचेचा आहे. प्रौढ मनुष्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. शरीर व बाह्य जग यांच्या सीमेवर ती अहोरात्र पहारा करीत असते. केस व नखे ही तिचीच रूपांतरे होत.

रचना

त्वचेचे मुख्य थर दोन : वरची बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा. त्यांच्याखाली चरबीचा मऊ थर असतो. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत निर्माण होतात. त्या हळूहळू वर सरकतात, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरून जातात व अखेर निर्जीव होऊन पृष्ठभागावरून झडतात. या प्रवासाला साधारणपणे चार आठवडे लागतात. तळहात व तळपाय यांवर हा निर्जीव थर सर्वांत जाड असतो. तळाच्याच काही पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. कातडीचा वर्ण मुख्यतः त्यावर अवलंबून असतो आणि उन्हातील अपायकारक किरणांपासून त्यामुळे संरक्षण मिळते.

अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, ज्ञानतंतूंची टोके, घामाच्या व तेलाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात. केसाचे मूळ जिवंत असते. परंतु बाहेर दिसणारा केस निर्जीव केराटिनचा बनलेला असतो. म्हणूनच केस किंवा नख कापताना वेदना होत नाही. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर, तर हाताचे नख सुमारे तीन मिलिमीटर वाढते. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक असून त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

कार्ये

त्वचा जंतूंना अडविते व शरीरातील पाणी राखते. उष्मा वाढला म्हणजे घाम सुटतो; तो वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व उष्णता आत राहते. अंगावर काटा उभा राहतो, तो केसांच्या मुळांशी असलेल्या सूक्ष्म स्नायूंमुळे. सूर्यप्रकाशाच्या साह्याने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. स्पर्श, उष्णता, थंडी व वेदना यांची वार्ता मेंदूला पोचविणे हेही त्वचेचेच काम. नख बोटाच्या टोकाला आधार देते, त्यामुळे बारीक वस्तू उचलता येते.

नेहमीचे विकार

खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. हा किडा बाह्यत्वचेत बीळ करून राहतो आणि रात्री खाज वाढते. घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत, तर ती पुन्हा पुन्हा उद्भवते. नायटा हा बुरशीचा रोग आहे. त्यावर स्टेरॉइडयुक्त मलम मनानेच लावल्यास खाज तेवढी थांबते. बुरशी मात्र आतून फोफावते. नखे चमच्यासारखी खोलगट होणे हे पुष्कळदा शरीरातील लोहाच्या उणिवेचे चिन्ह असते.

फिकट डाग : भीती आणि सत्य

त्वचेवर डाग दिसताच अनेक घरांत धास्ती पसरते. येथे दोन विकारांत भेद करणे अत्यंत आवश्यक आहे. कोडामध्ये रंगद्रव्याच्या पेशी नष्ट होतात व त्वचा पांढरी पडते. स्पर्शज्ञान मात्र शाबूत राहते. कोड संसर्गजन्य नाही. त्याला श्वेतकुष्ठ हे जुने नाव असले, तरी कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. या नामसादृश्यापायी कित्येक निर्दोष माणसांना समाजाने दूर ठेवले आहे.

कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर असतो. डोळे मिटून कापसाच्या बोळ्याने स्पर्श केला, तर तो तेथे जाणवत नाही. या रोगाचा जंतू नॉर्वेतील वैद्य हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढला. तो अतिशय सावकाश वाढतो व ज्ञानतंतूंना इजा करतो. बोटे झडतात ती केवळ रोगाने, असा समज आहे. तो चुकीचा आहे. वेदनाच कळत नसल्याने चुलीवरचे तापलेले भांडे हाती धरले जाते, जखमा चिघळतात आणि त्यातून व्यंग येते. वेदना ही शरीराची केवढी मोठी रक्षणकर्ती आहे, हे यावरून ध्यानी येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचाराने हा रोग सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो. औषध सुरू होताच रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. सरकारी आरोग्य केंद्रांत हे औषध विनामूल्य मिळते. राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, ही मर्यादा भारताने २००५ साली गाठली. तरीही २०२३ साली जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील होते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या कायद्यांतील तरतुदी २०१९ साली संसदेने रद्द केल्या.

कायदा बदलला, आता दृष्टी बदलावयास हवी. बधिर चट्टा लपविल्याने रोग थांबत नाही, केवळ उपचाराची वेळ निघून जाते. असा चट्टा दिसताच तो वैद्याला दाखविणे आणि त्या माणसाला पूर्वीप्रमाणेच आपल्या पंगतीस बसविणे, ही दोन्ही कर्तव्ये सारख्याच महत्त्वाची आहेत.